पाच दारांची जिमनी: डांबराला आणि दगडधोंड्यांना एकच गाडी पुरते का?

रानवाटा

मित्राची पाच दारांची सुझुकी जिमनी, मॅन्युअल, सध्या माझ्याकडे आहे. उभी राहून बॅटरी उतरायला नको, अधूनमधून फिरवत जा म्हणाला. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. हायवे, घाट, शहरातली गर्दी, धरणामागचा कच्चा रस्ता, कोरड्या नदीपात्रातले गोटे, सगळं करून झालंय. म्हणून हे परीक्षण.

आधी कागदावरचं उरकतो. १४६२ सीसी पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १३४ न्यूटन मीटर. पाच गिअरची मॅन्युअल किंवा चार गिअरची ऑटोमॅटिक. लांबी ३९८५ मिमी, व्हीलबेस २५९० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, वजन साधारण १२०० किलो. लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा सांगाडा, त्यावर बॉडी), पुढे-मागे अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंग. टू-एच (जोर फक्त मागच्या चाकांना), फोर-एच (चारही चाकांना), फोर-एलसाठी (चारही चाकांना, पण लो रेंज म्हणजे खूप आखूड गिअरिंगमध्ये) वेगळा दांडा. डिकी २०८ लिटर, टाकी ४० लिटर, माणसं चार. पाचवा बसवू नका, पट्टाच नाही.

कच्च्यावर ही गाडी लबाड आहे. लो रेंज टाकली की पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि चाकांमधलं गुणोत्तर ३६ च्या आसपास जातं. म्हणजे क्लच सोडून, पाय अॅक्सिलरेटरवर न ठेवता ती गोट्यांवरून आपली आपण रांगत जाते. एक चाक हवेत राहिलं तर ब्रेकवर चालणारं एलएसडी (चाक नुसतं फिरू न देणारी यंत्रणा) ते फिरतं चाक धरून ठेवतं आणि जोर दुसऱ्या बाजूला जातो. क्षणभर कर्रकर्र आवाज येतो, आणि गाडी निघते. रुंदी १६४५ मिमीच आहे, त्यामुळे झाडीतल्या वाटेवर जिथे मोठ्या गाड्यांचे आरसे मिटावे लागतात तिथे ही सरळ जाते.

डांबरावर चित्र वेगळं. पाचव्या गिअरमध्ये शंभरला आरपीएम तीन हजारांच्या वर. मोठ्या ट्रकला ओलांडायचं तर चौथा टाकून वाट बघायची. कडेचा वारा लागला की गाडी हलते आणि स्टिअरिंग स्वतःहून मध्ये येत नाही, आणावं लागतं. ताशी ८०-९० ला मात्र मजेत चालते आणि खड्ड्यांची फिकीर नाही.

आता प्रश्न. मला गाडी घ्यायचीच आहे, आणि घरात एकच गाडी राहणार. वर्षभराचं बहुतेक चालवणं डांबरावर, पण महिन्यातून एखादा शनिवार-रविवार अशा ठिकाणी जिथे डांबर संपतं. दोन्हीला एकच गाडी हवी असेल तर हीच घ्यावी, की रस्त्यासाठी बनलेली ऑल व्हील ड्राइव्ह घेऊन जमेल तेवढं आत जावं?

खडखडाट

पहिला! परीक्षण आवडलं. फोटो कुठेत? फोटोंशिवाय गाडीचा धागा म्हणजे फाऊल.

डांबरप्रेमी

तुझ्याच आकड्यांवरून उत्तर निघतं. बहुतेक चालवणं डांबरावर आहे ना? मग त्यासाठी गाडी घे. महिन्याच्या त्या दोन दिवसांसाठी उरलेले अठ्ठावीस दिवस तीन हजार आरपीएम ऐकत बसायचे? मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसलेल्या, एकसंध) बॉडीची, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली ऑल व्हील ड्राइव्ह घे. पाच माणसं बसतील, डिकीत सामान मावेल, घरचेही खूश.

आणि मला एक सांगा, या धाग्यावर येणाऱ्या किती जणांनी लो रेंज खरोखर वापरलीय? दांड्यावर धूळ बसलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

चिखल्या

@डांबरप्रेमी, दिवस मोजून गाडी ठरत नाही भाऊ. वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा गाडी ठरवतो. सत्तर किलोमीटर गुळगुळीत रस्ता आणि शेवटचे दोनशे मीटर चिकणमातीचा चढ असेल, तर तुमची मऊ गादीवाली गाडी त्या दोनशे मीटरच्या आधी थांबते. मग सत्तर किलोमीटर सुखात आलो याचा उपयोग काय?

डांबरप्रेमी

उपयोग हा की दोनशे मीटर चालत जायचं. पाय दिलेत देवाने.

कोपऱ्यातला

😂 इथेच धागा बंद करा. उत्तर मिळालं: बूट घ्या.

नंदूकाका

पोरांनो, जरा जुन्या माणसाचं ऐका. मी जिप्सी चालवलीय, पहिली ९७० सीसीची. १९८५ ला आली तेव्हा ना एसी, ना पॉवर स्टिअरिंग, खाली चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा. मागच्या बाकावर समोरासमोर बसलेली माणसं उतरताना कंबर धरून उतरायची. पण कुठे अडली नाही. अडली तरी चार जणांनी ढकलली की निघायची, कारण वजनच नव्हतं. सामान्य माणसाला २०१९ पर्यंत मिळत होती.

रानवाटाला डांबरावर जे खटकतंय ते ऐकून मला हसू येतं. पाट्यांच्या गाडीतून आलेल्या माणसाला ही कॉइल स्प्रिंगची जिमनी म्हणजे पालखी वाटते. तुम्ही आधी कोणत्या गाडीत बसत होतात त्यावर सगळं आहे.

एक लक्षात ठेवा, हलकी गाडी हा अर्धा फोर बाय फोर असतो. वाळूत आणि चिखलात जड गाडी स्वतःच्या वजनानेच रुतते.

गिअरगणेश

काकांशी सहमत, आणि थोडं यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण 'डांबरावर हलते' आणि 'दगडावर चालते' या दोन्हींचं कारण एकच आहे.

अखंड एक्सल म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्याला. तराजूसारखं. एक चाक दगडावर चढून वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, त्यामुळे ते जमीन सोडत नाही. शिवाय चाक वर गेलं की त्याच्याबरोबर एक्सलही वर उचलला जातो, म्हणून डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधल्या गिअरांच्या गोळ्याच्या) खालची जागा फारशी कमी होत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत सस्पेन्शन दबलं की मधलं पोट खाली येतं, आणि नेमकं तेव्हाच दगड लागतो.

डांबरावर हाच दांडा आडवा येतो. एक्सल, डिफरन्शियल, चाकं हे सगळं वजन स्प्रिंगच्या खालचं, जड. डाव्या चाकाला खड्डा लागला तर उजव्यालाही कळतं. म्हणून आतल्या माणसाची मान डावी-उजवीकडे होत राहते.

स्टिअरिंगचंही तसंच. यात रॅक अँड पिनियन नाही, रिसर्क्युलेटिंग बॉल आहे. चाक दगडावर आपटलं तरी स्टिअरिंग हातातून हिसकलं जात नाही, अंगठा शाबूत राहतो. त्याची किंमत म्हणजे रस्त्यावर ते थोडं सुस्त वाटतं आणि मध्ये परत यायला आळस करतं. हायवेवर खटकलेल्या तुझ्या बहुतेक गोष्टी मुद्दाम केलेल्या तडजोडी आहेत.

आरपीएमबद्दल एक गंमत. चार गिअरच्या ऑटोमॅटिकला सगळे जुनाट म्हणून नाकं मुरडतात, पण तिचा शेवटचा गिअर लांब आहे. शंभरला तिचं इंजिन मॅन्युअलपेक्षा बरंच शांत असतं, २३०० च्या आसपास. मॅन्युअलचा पाचवा म्हणजे सरळ एकास एक. हायवे जास्त असेल तर ऑटोमॅटिक चालवून बघच. ओलांडताना ती एकदम खालचा गिअर टाकून ओरडते, तेवढं मात्र सहन करावं लागेल.

शंकासुर

बाळबोध शंका. फोर बाय फोर आहे तर पावसात हायवेवरही फोर-एच लावून चालवावी का? पकड वाढेल ना? आमच्या ओळखीचे एक जण तर घाटात कायम लावूनच चालवतात.

गिअरगणेश

त्यांना आधी थांबवा!

ही पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, मध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा लांबचा फेरा घेतात. फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले, दोघांचा वेग सारखा. माती, चिखल, वाळूवर चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ यंत्रणेत साठत जातो. वळताना गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, आणि पुढे दांडा टू-एचला यायला नकार देतो. तसं झालं तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ सुटतो. रोज असं चालवलं तर ट्रान्स्फर केसपासून (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीपासून) टायरपर्यंत सगळं झिजतं.

सलग ओला, निसरडा रस्ता असेल तर फोर-एच चालेल. रस्ता जरा ओला जरा कोरडा असेल तर टू-एचच बरी, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे की.

टू-एचमधून फोर-एच चालत्या गाडीत टाकता येतं, चाकं सरळ ठेवून, शंभरच्या आतल्या वेगात. फोर-एलला मात्र गाडी उभी करायची.

शंकासुर

धन्यवाद गणेशभाऊ. त्या काकांना हा प्रतिसाद पाठवतोय. ते म्हणतील, तो इंटरनेटवरचा पोरगा मला काय शिकवणार.

मृणाल_वि

आमच्या घरी जिमनी ऑटोमॅटिक आहे आणि ती जास्त मीच चालवते, त्यामुळे थोडं मागच्या सीटबद्दल. पुरुषमंडळी परीक्षणात मागे बसतच नाहीत.

तीन दारांपेक्षा व्हीलबेस ३४० मिमीने वाढलाय, त्याचा सगळा फायदा मागच्यांना आहे. मोठ्या माणसांना गुडघ्याला जागा आहे, पाठ थोडी मागे करता येते, काचा उभ्या आणि मोठ्या असल्यामुळे कोंदटल्यासारखं होत नाही. सासूबाईंना चढायला त्रास होतो, त्यांच्यासाठी आम्ही पायरी लावून घेतली. आता चिखल्या म्हणतील की पायरी दगडाला लागते. लागते. लागू दे.

डिकी खरंच लहान आहे. चार माणसं आणि मुक्कामाचं सामान असेल तर टपावर कॅरिअर लागतंच. आणि मागचं दार आडवं उघडतं, स्टेपनी त्याच्यावर. भिंतीला टेकवून गाडी लावली की सामान काढायची पंचाईत.

पण शहरातल्या गर्दीत ही गाडी इतकी सोपी आहे, हे कोणीच लिहीत नाही. बोनेटची दोन्ही टोकं दिसतात! आधीच्या गोलमटोल गाडीत पुढचं टोक कुठे संपतं हे अंदाजानेच ठरवायचं. उंच बसायला, चौकोनी आकार, खिडकीची कड खाली. नवशिक्यालाही दोन दिवसांत जमते. माझ्या दृष्टीने 'रोजची गाडी' या परीक्षेत ती इथेच पास होते, हायवेच्या आरपीएममध्ये नाही.

खडखडाट

बोनेटची टोकं दिसणे +१. हा मुद्दा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

चिखल्या

मृणालताई, पायरीबद्दल काही बोलणार नव्हतो 😄 पण विषय काढलाच आहे तर: पाच दारांच्या जिमनीची खरी मर्यादा पोटाखाली आहे. तीन दारांचा ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता ओलांडता येईल अशा उंचवट्याचा कोन) २८ अंश, हिचा २४. व्हीलबेस वाढला की हे होणारच. उंचवट्यावरून पलीकडे उतरताना पुढची चाकं गेली, मागची यायचीत, आणि मध्ये पोट टेकलं, असं होतं. त्यात पायरी लावली की कडाही खाली येतात. पुढून चढायचा कोन, अप्रोच अँगल, मात्र ३६ अंश आहे, नाक कुठे लागत नाही.

यावर उपाय सोपा आहे. उंचवटा सरळ न घेता तिरका घ्या, एकेक चाक चढवत. अखंड एक्सल आहेच ती तिरपागड सांभाळायला.

आणि रानवाटा, तू टायरबद्दल एक ओळही लिहिली नाहीस? कंपनीचे १९५/८० आर १५ रस्त्याचे टायर आहेत. ओल्या चिकणमातीत त्यांच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि मग चारही चाकं गुळगुळीत. फोर बाय फोर असून चारही चाकं जागच्या जागी फिरतात. बरा ऑल टेरेन (डांबर-कच्चा दोन्हींचा) टायर लावलेली साधी गाडी, वाईट टायरवरच्या फोर बाय फोरच्या पुढे जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रानवाटा

टायरचं राहिलं खरं. नदीपात्र कोरडं होतं म्हणून जाणवलं नाही. मोठे टायर लावावेत का? मित्राला विचारून, अर्थात. २३५/७५ आर १५ बसतात म्हणे.

गिअरगणेश

बसवता येतात, पण आधी हिशेब कर. मूळ टायरचा व्यास ६९३ मिमी. २३५/७५ चा साधारण ७३३. म्हणजे व्यास ४० मिमीने वाढला, पण डिफरन्शियल जमिनीपासून वर उचललं जाणार त्याच्या निम्मं, २० मिमी. बदल्यात गिअरिंग सहा टक्क्यांनी लांबतं. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ताशी एकशे सहाच्या आसपास असेल. आधीच बेताचं असलेलं इंजिन घाटात आणखी मलूल. लो रेंजची रांगायची ताकदही तेवढीच कमी. त्यात टायर जड, म्हणजे ब्रेकला जास्त काम आणि अॅव्हरेज खाली.

२१५/७५ घेतलास तर व्यासात फरक जेमतेम १० मिमी, रुंदी थोडी जास्त, आणि बाकी काही बिघडत नाही. माझं मत तिथे.

सस्पेन्शनला लिफ्ट किट लावून गाडी उंच करणाऱ्यांसाठीही: त्याने बॉडी वर जाते, एक्सल आहे तिथेच राहतो. ब्रेकओव्हर सुधारतो, डिफरन्शियलखालची जागा इंचभरही वाढत नाही. गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच.

खडखडाट

एका दुकानदाराने मला 'साहेब, मड टेरेन (चिखलाचे टायर) लावा, गाडी रुबाबदार दिसते' म्हणून गळ्यात मारले होते (वेगळ्या गाडीला). रुबाब दिसला. ऐंशीच्या पुढे मात्र गाडीत गाणी ऐकायची सोय उरली नाही, टायरच गुणगुणतात. आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना देव आठवायचा. मोठ्या गोट्यांच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी असतो, हे त्याने सांगितलं नाही.

इतिहासजमा

गुरुत्वमध्यावरून आठवलं, थोडं विषयांतर करतो. मालक, चालेल ना?

या घराण्याला उंच-अरुंद असण्याचा जुना जाच आहे. अमेरिकेत जिमनीची दुसरी पिढी सामुराई नावाने विकली जायची. १९८८ मध्ये तिथल्या कन्झ्युमर्स युनियन या ग्राहक संघटनेने ती उलटण्याचा धोका सांगून 'अस्वीकार्य' असा शेरा मारला. विक्री कोसळली. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला, चाचणीच मुद्दाम गाडी उलटावी अशी घेतली असं त्यांचं म्हणणं, आणि प्रकरण २००४ मध्ये तडजोडीने मिटलं. कोण किती खरं, यावर आजही लोक भांडतात.

आणि तीच सामुराई, बदल केलेली, २००७ मध्ये चिलीतल्या दोघांनी ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६६८८ मीटरपर्यंत चढवली. चारचाकीने गाठलेल्या उंचीचा तो तेव्हाचा विक्रम. नंतर तो मोडला गेला, २०२३ मध्ये तर एका पोर्शेने ६७३४ मीटर गाठले. पण नंदूकाका म्हणतात त्या हलकेपणाचा याहून चांगला पुरावा नाही.

मूळ १९७० ची एलजे १० तर ३५९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर चालायची. स्कूटरच्या जवळपासचं इंजिन, पण चारही चाकांना जोर आणि लो रेंज. रानवाटाच्या तक्रारी तेव्हाही लागू असणार, फक्त तेव्हा शंभरचा वेग हाच विनोद होता.

कोपऱ्यातला

इतिहासजमा आले की धाग्याला वर्षं लागतात. 🙏

सई_क

मी दुसऱ्या बाजूची. माझ्याकडे मोनोकॉक बॉडीची ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आणि @डांबरप्रेमी यांचं ऐकून घेणाऱ्यांनी हेही वाचावं.

ओला घाट, बर्फाचा पातळ थर, गवताळ उतार, शेतातला रस्ता: कमालीची चालते. तुम्हाला काही करावंच लागत नाही, चाक घसरलं की यंत्रणा स्वतः मागे जोर पाठवते. कोरड्या डांबरावर पीळ वगैरे भानगड नाही. पाच माणसं, शांत केबिन.

पण समुद्रकाठच्या मऊ वाळूत एकदा बराच वेळ झगडल्यावर डॅशबोर्डवर तापल्याची सूचना आली आणि मागची चाकं फिरायची थांबली. अशा गाड्यांत पुढचं-मागचं जोडणारा क्लच असतो, अनेक पातळ चकत्यांचा. तो तापला की स्वतःला वाचवण्यासाठी सुटतो. बिघाड नाही, रचनाच तशी. गार झाल्यावर परत चालू. तोवर मात्र तुम्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, वाळूत.

आणि लो रेंज नसल्यामुळे तीव्र उतारावर इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. हिल डिसेंट आहे, पण तेही ब्रेकच लावतं. लांब उतारावर ब्रेकचा वास येऊ लागला की पोटात गोळा येतो. चढापेक्षा उतारासाठी लो रेंज हवी, हे मला तिथे पटलं.

डांबरप्रेमी

सईताई, प्रामाणिक प्रतिसाद. तरी विचारतो, गाडी बदलणार का?

सई_क

नाही. वाळूत जाणं बदललं 😀 चाकांतली हवा १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवते, आणि डांबरावर येताच परत भरते. हवेचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत असतोच. निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

नंदूकाका

हवा उतरवणे, अगदी बरोबर. आम्ही सायकलच्या पंपाने परत भरायचो. त्यामुळे उतरवताना दहा वेळा विचार करायचो.

इतिहासजमा

एक शेवटचं विषयांतर, मग गप्प बसतो. इथे सगळे धरून चाललेत की लॅडर फ्रेम म्हणजे कच्चा रस्ता आणि मोनोकॉक म्हणजे डांबर. १९७७ ची लाडा निवा मोनोकॉक आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. पण कायमची फोर व्हील ड्राइव्ह, लॉक होणारं सेंटर डिफरन्शियल आणि लो रेंज. कोरड्या डांबरावरही चारही चाकं जोरात, पीळ नाही, आणि दलदलीतही चालते. फियाटची १९८३ ची पांडा फोर बाय फोर तर लो रेंजशिवाय, आठशे किलोंच्या आतल्या वजनावर आणि आखूड पहिल्या गिअरवर डोंगरातल्या लोकांची रोजची गाडी झाली.

खुद्द सुझुकीची २००५ ची ग्रँड व्हिटारा: मोनोकॉकच्या आत फ्रेम गुंफलेली, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, सेंटर डिफ लॉक, लो रेंज. रानवाटा जे मागतोय ते नेमकं हेच होतं. आज त्याच नावाने मिळते ती गाडी वेगळी.

गिअरगणेश

हा खरा मुद्दा. 'दोन्हीसाठी' गाडी बनवता येते, त्यासाठी सेंटर डिफरन्शियल आणि लो रेंज दोन्ही द्यावे लागतात. ते महाग, जड, आणि बहुतेक गिऱ्हाईक विचारत नाही. म्हणून छोट्या गाड्यांत बाजार दोन टोकांना सरकला.

मृणाल_वि

आणि जी टोकं उरली त्यांचंही काही खरं नाही. युरोपात जिमनी २०१८ नंतर लोकांनी उचलून धरली, पण कार्बन उत्सर्जनाच्या नियमांत बसेना म्हणून तिथे प्रवासी गाडी म्हणून बंद झाली आणि पुढे मागची सीट काढून, मालवाहू म्हणून आली. दोन माणसं आणि जाळी!

उलट जपानमध्ये भारतात बनलेली हीच पाच दारांची गाडी जानेवारी २०२५ मध्ये नोमाड नावाने जाहीर झाली, आणि चार-पाच दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागण्या आल्यावर नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे मात्र शोरूममध्ये लोक विचारतात, सनरूफ आहे का.

डांबरप्रेमी

सनरूफवर टीका नको. तो वेगळा धागा होईल.

कोपऱ्यातला

काढतोच. 'सनरूफ: गरज की नवस?'

शंकासुर

सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही. एकच गाडी म्हणजे घरचे सगळे त्यातच.

गिअरगणेश

सहा एअरबॅग आणि ईएसपी आहे. तीन दारांच्या गाडीला २०१८ मध्ये युरो एनकॅपने (युरोपात गाड्यांची टक्कर-चाचणी घेणारी संस्था) तीन तारे दिले होते, पाच नाही. उंच आणि अरुंद गाडी आहे हे विसरून वळणावर हॅचबॅकसारखी फेकायची नाही. टपावर सामान लादलं असेल तर आणखी सबुरीने.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. या धाग्यामुळे दोन गोष्टी केल्या. ऑटोमॅटिक चालवून पाहिली, गणेशभाऊ म्हणतात ते खरं आहे, शंभरला ती निवांत असते. चढावर टॉर्क कन्व्हर्टरमुळे क्लच जाळायची भीतीही नाही. आणि सईताईंच्या जातकुळीतली एक ऑल व्हील ड्राइव्ह घेऊन धरणामागच्या त्याच रस्त्यावर गेलो. शेवटच्या टप्प्याआधी पोट दोनदा घासलं, मग मागे फिरलो. परतीच्या हायवेवर मात्र सगळे झोपले, इतकी शांत.

घरी मतदान घेतलं. बायको म्हणते, शांत गाडी. मुलगा म्हणतो, चौकोनी गाडी. माझं मत जिमनी ऑटोमॅटिक, कारण डांबरावर ती मला कंटाळा देते, पण त्या शेवटच्या तुकड्यावर दुसरी मला परत पाठवते. कंटाळा सोसवतो. डांबरप्रेमी, रागावू नका.

डांबरप्रेमी

रागावतो कशाला. बायकोचं मत दोनदा मोजतात हे ध्यानात ठेव म्हणजे झालं.

मृणाल_वि

वहिनींना चालवायला द्या, बाजूला बसवू नका. गर्दीत, अरुंद गल्लीत. मग परत मतदान घ्या.

चिखल्या

घेतलीस तर पहिली खरेदी कॅरिअर आणि लायटिंगची नको. बरे ऑल टेरेन टायर, २१५/७५. हवेचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर मोजायचा गेज. टोचनाचा ताणणारा पट्टा आणि शॅकल (तो अडकवायची लोखंडी कडी). आणि एकटा आत जाऊ नकोस, दुसरी गाडी बरोबर ठेव.

शंकासुर

टोचनाचा पट्टा बंपरखालच्या कुठल्याही हुकला अडकवला तर चालतो ना?

चिखल्या

नाही! फक्त चेसिसला बोल्ट केलेल्या टो हुकला. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला तर कधीच नाही, झटक्याने तो तुटला तर मागच्या गाडीची काच फोडून आत येतो. पट्ट्याच्या मधोमध एखादं जाड पोतं किंवा ओली चादर टाका, तुटला तर उसळी कमी बसते. आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा. व्हिडिओ काढणाऱ्यांना त्याहून लांब.